जुना हीट पंप घरात आहे? गॅस भरायच्या आधी हे वाचून घ्या

ज्यांच्या गच्चीवर नाहीतर मागच्या बाल्कनीत सात-आठ वर्षं जुना, पाणी गरम करायचा हीट पंप उभा आहे त्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक. दिवाळी झाली, सकाळी जरा गारवा सुटला की आमच्याकडे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "भाऊ, पाणी पहिल्यासारखं गरम नाही होऊन राहिलं, गॅस संपला वाटते, भरून द्या." गॅस भरून द्यायला आम्हाला काही जड नाही, त्याचे पैसेच मिळतात, पण खरं सांगायचं तर बऱ्याच घरी गॅस जागच्या जागी असतो आणि भानगड हवेची, पाण्याची नाहीतर टायमरची निघते. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी दहा मिनिटं काढून हे वाचा.

आधी मशीन करते काय ते समजून घेऊ. साध्या गीझरमध्ये एक युनिट वीज घातली की एक युनिटचीच गरमी मिळते, त्याच्या वर काही नाही. हीट पंप वीज वापरतो ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला, पाण्यात जाणारी गरमी मात्र तो बंद नळीत फिरणाऱ्या गॅसच्या मदतीने बाहेरच्या हवेतून ओढतो, फ्रिज आतली गरमी मागच्या जाळीतून बाहेर टाकतो तेच काम उलट्या बाजूने. हिशोब सोपा आहे. २०० लिटर पाणी २० डिग्रीवरून ५० वर न्यायचं तर जवळपास ७ युनिट गरमी लागते. गीझर त्यासाठी ७ युनिट किंवा थोडे जास्तच खाईल, चांगला हीट पंप सव्वादोन-अडीच युनिटमध्ये भागवेल, आणि थकलेला असला तरी साडेतीनच्या आसपास. म्हणजे तुमचा जुना, कुरकुरणारा हीट पंपसुद्धा कोऱ्या करकरीत गीझरपेक्षा निम्म्या विजेत पाणी देतो. म्हणून "काढून टाका हो, गीझर बसवा" असं कोणी म्हटलं की जरा थांबा.

पण एक गोष्ट आहे जी बिल येईपर्यंत कळतच नाही. बहुतेक मशीनच्या टाकीत दीड-दोन किलोवॅटचा एक बॅकअप हीटर असतो, हीट पंप कमी पडला की तो गुपचूप चालू होतो. पाणी मस्त गरम मिळते, घरच्यांची काही तक्रार नसते आणि बिल मात्र वर चढत जाते, वरून ३०० युनिट ओलांडले की पुढच्या स्लॅबचा रेट लागतो तो वेगळा. तेव्हा पाणी गरम येते म्हणजे मशीन ठीक आहे असं धरू नका. आमचा माणूस आला की त्याला क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजायचा चिमटा) लावून अँपिअर दाखवायला सांगा, घरगुती मशीनचा कॉम्प्रेसर साधारण चार-पाच अँपिअर घेतो, आकडा बारा-तेरा दिसला तर आत हीटर पेटलेला आहे. पॅनलवर हीटर बंद करायची सोय असेल तर आठ दिवस बंद ठेवून बघा, मशीनची खरी तब्येत लगेच कळते.

हवा

आता मेन मुद्द्यावर येऊ. हवेतून गरमी ओढायची तर हवा मोकळी फिरायला पाहिजे ना. नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये शेवरीचा कापूस उडतो, सिमेंट रोडची बारीक धूळ तर बाराही महिने आहे, बाजूला स्कीमचं बांधकाम सुरू असलं तर बघायलाच नको. हे सगळं जाऊन बसते मागच्या जाळीवर. समोरून, पंख्याच्या बाजूने, मशीन चकाचक दिसते, कारण पंखा हवा मागून ओढतो आणि कचरा तिकडेच अडकतो. मागे वाकून बॅटरी मारून पाहा, धूळ, कापूस, कबुतराची पिसं यांचा एक सलग थर असतो, कोपऱ्यातून नखाने धरला तर अख्खा सोलून निघतो आणि त्याच्या मागे जाळी नवी कोरी. एवढं साफ केल्यावर कित्येक मशीन परत बऱ्यापैकी चालायला लागतात.

धुताना एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मशीनचा स्विच, पाडा, थर हाताने नाहीतर मऊ ब्रशने काढा आणि मग बागेच्या पाइपने साधं पाणी मारा. गाडी धुवायच्या प्रेशरने अजिबात नाही, त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्त्या वाकल्या की हवा कायमची अडते. अॅसिड, फिनाइल हेही नको.

दुसरा प्रकार म्हणजे मशीन झाकून टाकणे. फ्लॅट रंगवला, एलिव्हेशन खराब दिसते म्हणून कोणी समोर शीट ठोकते, कोणी बाल्कनीला काचा लावून ते बंद करते, कोणी त्याच्यावर जुना कूलर आणि वुडवूलच्या गाद्या ठेवून देते. मग मशीनने बाहेर टाकलेली थंड हवा फिरून परत मशीनच ओढते आणि त्यातून गरमी काढायचा प्रयत्न करते, कुठून निघणार. चाचणी सोपी आहे, मशीन अर्धा तास चालल्यावर पंख्यासमोर हात धरा, येणारी हवा बाहेरच्यापेक्षा चांगली पाच-सात डिग्री थंड लागायला पाहिजे. अजिबात थंड नसेल तर मशीन काम करून नाही राहिलं, आणि मागची बाजूही तितकीच थंड असेल तर हवा गोल गोल फिरून राहिली आहे.

पाणी

पेंच धरणाचं कॉर्पोरेशनचं पाणी ज्यांच्याकडे पूर्ण वेळ येते त्यांना त्रास कमी. पण नव्या लेआउटमध्ये जिथे बोअरवर भागवावं लागते तिथे क्षार पाण्यासोबतच येतात, बादलीच्या काठावर आणि नळाच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो तोच आत कॉइलवरही बसतो. थर बसला की गरमी पाण्यात उतरत नाही, कॉम्प्रेसर जास्त तापतो, प्रेशर वाढून मशीन मधेच ट्रिप होते आणि ५० लावलं तरी ४२-४३ वर बंद पडते. इथे गॅस भरला तर प्रेशर आणखी वाढेल, म्हणजे दुखणं वाढवून घेतलं. डीस्केलिंग, म्हणजे आतला क्षाराचा थर काढायचं काम, करावं लागते, ते आमच्याकडूनच करा असं नाही पण कोणाकडून तरी करा.

आणि अॅनोड रॉड. हा विषय कोणी सांगतच नाही. टाकीच्या आतून काचेचा पातळ लेप असतो, त्याला कुठे ना कुठे बारीक भेग पडतेच, तिथून लोखंड गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक दांडी लावलेली असते जी टाकीच्या बदल्यात स्वतः झिजते. नवी असते तेव्हा अंगठ्याएवढी जाड. बोअरच्या पाण्यात दोन-तीन वर्षांनी उघडली तर कधी कधी मधली स्टीलची तार तेवढी हातात येते, त्यावर चिकटलेले दोन-चार खडबडीत गोळे, बस. त्यानंतर झिजायची पाळी टाकीची. टाकी आतून गळली की तिला वेल्डिंग नाही, एपॉक्सी नाही, काही नाही, ती गेली. म्हणून वर्षातून एकदा रॉड उघडून पाहणे हे आमच्या मते जुन्या मशीनवरचं सगळ्यात वसूल काम आहे. घरात सॉफ्टनर बसवला असेल त्यांनी तर जास्तच लक्ष द्या, मऊ केलेल्या पाण्यात रॉड उलट लवकर संपतो. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला तर तो बरेचदा रॉड आणि पाण्यातल्या जिवाणूंचा मिळून असतो, टाकी धुऊन, पाणी ६० डिग्रीपर्यंत तापवून बहुतेक वेळा जातो. स्टेनलेस स्टीलच्या काही टाक्यांमध्ये रॉड नसतोच, तर आधी मशीनवर लावलेली माहितीची प्लेट बघा.

टाकीला एक प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची पितळी दांडी दर सहा महिन्यांनी हलक्या हाताने उचलून पाणी सुटते का पाहा, हात बाजूला ठेवून, पाणी चांगलंच गरम असते. क्षाराने तो जाम झाला असेल तर मात्र थांबू नका, लगेच बदलून घ्या, इथे आम्ही काटकसर सांगणार नाही.

किती वाजता चालवता?

हे फुकटातलं काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. बहुतेकांचा टायमर पहाटे चारचा लावलेला असतो, आंघोळीच्या आधी पाणी ताजं गरम पाहिजे म्हणून. आता जानेवारीत पहाटे चारला गच्चीवर हवा १०-१२ डिग्री असते, २०१८ च्या डिसेंबरअखेर तर आपल्या गावात ३.५ पर्यंत पारा उतरला होता, पण जानेवारीतच दुपारी पारा २५ च्या पुढे जातो. हवा जितकी गरम तितकं मशीनचं काम सोपं. दुपारी १२ ते ४ लावून पाहा. चांगल्या पफवाल्या (भोवती फोमचं जाड आवरण असलेल्या) टाकीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार-पाच डिग्रीच उतरते, म्हणजे ५२ ला ठेवलं तर सकाळी ४७ मिळेल, अंगावर घ्यायला त्यात थंड मिसळावंच लागते. ज्यांच्या छतावर सोलर पॅनल लागले आहेत त्यांची तर दुपारची वीज घरचीच. महावितरणचं स्मार्ट मीटर लागलं असेल तर दिवसाच्या वापरावर सूट आहे का तेही बिलावर पाहून घ्या.

रोज ६० ला ठेवायची गरज नाही, जितकं वर तापवाल तितका जुना कॉम्प्रेसर घामाघूम. पण टाकी सतत ४० च्या आसपास कोमट ठेवणं पण बरं नाही, तशा पाण्यात जिवाणू वाढतात, तेव्हा आठवड्यातून एकदा ६० पर्यंत न्या, मग त्यासाठी बॅकअप हीटर वापरला तरी चालते.

एप्रिल-मे मध्ये तर बंदच करा. गच्चीवरच्या टाकीचं पाणीच दुपारी हात भाजून काढते, काकू लोक सकाळीच बादल्या भरून ठेवतात थंड राहावं म्हणून, त्यात हीट पंप कशाला. शिवाय बऱ्याच मशीनची मर्यादा ४३ डिग्री हवेपर्यंत असते, आपल्याकडे मे मध्ये ४५ सहज होते, मग एरर येतो आणि आम्हाला फोन. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत ओल धरते आणि पालीला घर मिळते. पाल पीसीबीवर (आतल्या सर्किट बोर्डावर) चढून शॉर्ट झाली की दुरुस्ती महागात पडते. पावसाळ्यात परत चालू करताना टाकीतलं जुनं पाणी काढून टाका.

घाबरायचं नाही अशा गोष्टी पण सांगून ठेवतो. पावसाळ्यात खालून पाणी ठिबकणे, ते हवेतलं बाष्प आहे, टाकी नाही गळून राहिली. बंद झाल्यावर सुस्स आवाज, तो गॅस आत समतोल होतो त्याचा. लाइट गेली-आली की तीन-चार मिनिटं सुरूच न होणे, कॉम्प्रेसर जपायला मशीन मुद्दाम तेवढं थांबते. पण दुपारच्या उन्हात मागच्या जाळीवर बर्फ दिसला तर बंद करा. पंखा बंद आहे, जाळी चोक आहे नाहीतर खरोखर गॅस कमी आहे.

आता गॅस. सीलबंद नळीतला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता भरला तर पुढच्या थंडीत परत तेच. मेकॅनिक कोणीही असो, आम्ही का असेना, त्याने नायट्रोजनने प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने लीक दाखवावी, मग व्हॅक्यूम करावा, मग प्लेटवर लिहिले तितके ग्रॅम वजन काट्यावर मोजून भरावे. "अंदाजाने मारतो साहेब, हात बसला आहे" असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आर ४१० ए दोन गॅसचं मिश्रण आहे, तो अर्धवट गेला असेल तर वरून टॉपअप न करता पूर्ण काढून नव्याने भरलेला बरा. आर ३२ आणि आर २९० पेट घेणारे आहेत, ते आत असताना कोणी वेल्डिंगचा टॉर्च पेटवत असेल तर त्याला थांबवा. फार जुन्या मशीनमध्ये आर २२ असतो, तो आपल्या देशात २०३० पर्यंत बंद होत चालला आहे, त्यात लीक निघाली तर मशीनवर मोठा खर्च करू नये असं आमचं मत.

ठेवायचा की काढायचा हे डोळ्याने नाही, आकड्याने ठरवा. टाकी थंड असताना पाण्याचं तापमान घ्या, मशीन पूर्ण चालू द्या, बंद झाल्यावर परत घ्या. लिटर गुणिले वाढलेले डिग्री भागिले ८६०, एवढे युनिट गरमी पाण्यात गेली. त्याला मशीनने खाल्लेल्या विजेच्या युनिटने भागा, त्यासाठी छोटा मीटर आम्ही लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दुपारी उत्तर ३ च्या वर आलं तर मशीन छान आहे, हात लावू नका. २ ते २.५ आलं तर साफसफाई, डीस्केलिंग, टायमर. दीडच्या खाली गेलं तर एकतर हीटर पेटलेला आहे नाहीतर कॉम्प्रेसर दमला.

कपॅसिटर, सेन्सर, कॉन्टॅक्टर, पंख्याची मोटर, ही दुरुस्ती कधीही करा. कॉम्प्रेसर गेला आणि मशीन सहा वर्षांचं, टाकी धड आहे, तर बदलण्यात अर्थ आहे. दहा वर्षांनंतर कॉम्प्रेसर गेला तर आम्ही स्वतःहून नको म्हणतो. आणि स्वतःची मोकळी गच्ची असेल तर नव्या हीट पंपाच्या आधी साध्या सोलर वॉटर हीटरचाही विचार करा, आमचा धंदा थोडा कमी होईल पण होऊ द्या.

फोन करताना मशीनच्या प्लेटचा फोटो, स्क्रीनवरचा एरर कोड आणि मागच्या वर्षी याच महिन्याचं विजेचं बिल व्हॉट्सअॅप करून ठेवा, नंबर आमच्या दुकानाच्या बिलावर आहे. रविवारी दुकान बंद असते. टाकी गळायला लागली तर आमची वाट पाहू नका, एमसीबी पाडा, थंड पाण्याचा कॉक बंद करा आणि घरातला एखादा गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, म्हणजे आतलं प्रेशर उतरेल.