लाइट गेली, इन्सुलिन कुठं ठेवू?

एप्रिल लागला की परभणी-नांदेडकडच्या शुगरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. कुणी सांगतं माठात ठेवा, कुणी सांगतं बर्फात. पहिला सल्ला चांगला, दुसरा घातक. अंगठे मात्र दोन्हींना सारखेच पडतात.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या, आणि त्यांची एक ठरावीक घडी. साध्या इन्सुलिनच्या कुपीत हे रेणू सुटे नसतात. जस्ताच्या दोन आयनांभोवती सहा-सहा जण एकत्र बसतात आणि तसे ते टिकून राहतात. ऊन लागलं, कुपी हिंदकळली की गट फुटतो. सुट्या रेणूची घडी अर्धवट उलगडते आणि आत दडलेला, पाण्यापासून दूर राहणारा भाग उघडा पडतो. असे दोन रेणू भेटले की चिकटतात, मग तिसरा, चौथा. त्यांचे लांब तंतू होतात. तंतू झालेलं इन्सुलिन शुगर उतरवत नाही. गोठतानाही घडी बिघडते, म्हणून गोठलेली कुपी वितळल्यावर चांगली दिसली तरी टाकूनच द्यावी.

माठाचं काम वेगळं. त्यातून झिरपणारं पाणी वाफ होताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतं. आपला कोरडा उन्हाळा त्याला फार सोयीचा. आषाढात हवा दमट झाली की हाच माठ फारसा गार होत नाही. शिवाय माठात फ्रीजचे २ ते ८ अंश कधीच मिळत नाहीत. त्यामुळे कोरड्या डब्यात घालून तिथं ठेवायची ती चालू कुपी. सीलबंद साठा फ्रीजमध्येच, मग तो शेजाऱ्यांचा का असेना.

त्याच ग्रुपवर ‘कारल्याचा रस प्या, इन्सुलिन सोडा’ हेही फिरतं. टाइप १ च्या लेकराचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते बंद केलं तर काही दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊन जीवावर बेततं. असा मेसेज ॲडमिननं तिथल्या तिथं काढून टाकावा.

पाण्यासारखं नितळ इन्सुलिन गढूळ दिसलं तर वापरू नका. मुळातच दुधाळ असलेल्या प्रकारात हलक्या हातानं घोळवूनही गुठळ्या राहिल्या तर तेच. पण नितळ दिसतं म्हणून ताकद शाबूत आहे असं नाही. खाणं-डोस तेच असून शुगर चढत असेल, तर डोस वाढवण्याआधी कुपी कुठं ठेवली होती ते डॉक्टरांना सांगा.