समुद्रातली रिग आणि समुद्रातला प्लॅटफॉर्म

समुद्रात उभ्या असलेल्या तेलाच्या प्रत्येक लोखंडी सांगाड्याला आपण सर्रास ‘ऑइल रिग’ म्हणतो. मात्र विहीर खोदणारी रिग वेगळी आणि त्या विहिरीतून वर्षानुवर्षे तेल-वायू घेणारा उत्पादन प्लॅटफॉर्म वेगळा. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर बोअरची गाडी येते, खोदते, केसिंगचा पाइप टाकते आणि निघून जाते. पाणी पुढे मोटार देत राहते. रिगचे काम त्या गाडीसारखे आहे.

रिगवर ड्रिलिंग मड हा जड द्रव पोकळ पाइपातून तळाशी सोडतात. तो बिट, म्हणजे खडक फोडणारे टोक, थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि स्वतःच्या वजनाने खालचा दाब रोखून धरतो. विहीर पूर्ण झाली की रिग दुसरीकडे नेली जाते.

प्लॅटफॉर्म मात्र सहसा समुद्रतळाशी पक्का रोवलेला कारखानाच असतो, आणि खरे समजून घेण्यासारखे आहे ते इथेच. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात आसपासच्या छोट्या, सहसा निर्मनुष्य विहीर-प्लॅटफॉर्मवरून तेल, वायू आणि पाणी यांचे मिश्रण पाइपांतून प्रक्रिया प्लॅटफॉर्मवर येते. तिथे ते सेपरेटर नावाच्या लांबट बंद टाकीत शिरते. वेग मंदावला आणि दाब उतरला की वायू वर जातो, पाणी तळाशी बसते आणि मधले तेल आतल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडच्या कप्प्यात सांडते. वायूतला ओलावा ग्लायकॉल या द्रवाने शोषून घ्यावा लागतो, नाहीतर पाइपलाइन गंजते. काही वायू पुन्हा विहिरीत सोडतात, म्हणजे आतला तेलाचा स्तंभ हलका होऊन वर चढतो. पाणी त्यातले तेल काढूनच समुद्रात सोडले जाते. लांबून दिसणारी ज्योत नको असलेला वायू सुरक्षितपणे जाळण्यासाठी असते. ती खोदाईची खूण नव्हे. नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

1974 साली मुंबई हायमध्ये तेल शोधणारी ‘सागर सम्राट’ ही पाय तळाशी टेकवून उभी राहणारी जॅक-अप रिग होती. तिचे पुढे उत्पादन युनिट झाले, पण त्यासाठी तिच्यावर प्रक्रियेची यंत्रणा नव्याने बसवावी लागली.

हा फरक जिवावरच्या धोक्यांतही दिसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रिगला भीती असते ती विहिरीतून अचानक उसळणाऱ्या दाबाची. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर तसाच स्फोट होऊन 11 जण दगावले. प्लॅटफॉर्मवर धोका असतो तो अनेक विहिरींतून वर येऊन एकत्र झालेल्या तेल-वायूचा. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर एक जहाज राइझरला, म्हणजे समुद्रतळावरून वर चढणाऱ्या पाइपाला, धडकले. तिथे खोदाई हे कारणच नव्हते. पाइपातून गळलेल्या वायूने पेट घेतला, काही तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि 22 जणांचा जीव गेला.