कंबर मुलाची, आरोपी दप्तर

मुलानं कंबर दुखते म्हटलं की घरातले सगळे आधी दप्तराचं वजन करतात. दप्तर हलकं असावं, याबद्दल वाद नाही. पण २०१८ साली ६९ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत बहात्तर हजारांवर मुलं होती, तरी दप्तरामुळे पाठ दुखते याचा खात्रीलायक पुरावा सापडला नाही. बहुतेक मुलांच्या दुखण्याला एक असं ठोस कारण मिळतच नाही आणि काही आठवड्यांत ते आपोआप थांबतं. मात्र खेळाडू मुलांमध्ये एक कारण वारंवार सापडतं, आणि दप्तराच्या गोंगाटात नेमकं तेच निसटतं.

कमरेत पाच मणके असतात. त्यातला पाचवा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीवर बसतो, आणि ती बैठक पुढे उतरती असते. म्हणजे हा मणका सतत पुढे घसरू पाहतो. त्याला धरून ठेवतो तो त्याचा मागचा भाग: तिथले सांधे खालच्या हाडात अडकलेले असतात. या मागच्या भागात वरचा आणि खालचा सांधा जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी आहे, डावीकडे एक, उजवीकडे एक. आपण मागे वाकलो की चौथ्या मणक्याचा सांधा वरून आणि त्रिकास्थीचा सांधा खालून या पट्टीवर येतो, आणि ती मधे चेपली जाते. वाकताना कंबर वळवली तर भार एकाच बाजूला पडतो. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट हेच दिवसभर करत असतात.

तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच इथे होतं. फरक एवढाच की हाड जिवंत असतं, ते स्वतःची डागडुजी करतं. पण डागडुजीत आधी जुनं हाड खरवडून काढलं जातं आणि नवं नंतर भरतं. मधल्या काळात पट्टी आणखी नाजूक असते. त्यातच सराव चालू राहिला तर चीर पडते. तिला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजात ती बहुधा डावीकडे सापडते. नवजात बाळात ती नसते, सहाव्या वर्षी सुमारे ४ टक्के मुलांत आणि मोठेपणी सुमारे ६ टक्के लोकांत आढळते. जन्मात कधीच न चाललेल्या १४३ जणांचे एक्स-रे १९८१ च्या एका अभ्यासात तपासले होते, त्यांपैकी एकातही ही चीर नव्हती! दोन पायांवर उभं राहण्याची किंमत ही पट्टी मोजते.

चीर असलेल्या अनेकांना काहीच दुखत नाही. दुखलं तर मागे वाकताना जास्त दुखतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र हाडातली सूज कळते. उपाय साधा पण मुलांना जड जाणारा: काही महिने तो खेळ बंद, मग पोट-पाठीचे व्यायाम आणि हळूहळू पुनरागमन. ‘मणका सरकलाय, झटक्यात बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे अशा मुलाला अजिबात नेऊ नका. चिरलेल्या हाडाला झटका देणं हा उपचार नव्हे, इजा आहे.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, घटणारं वजन, पायातली कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर खेळाडू असो वा नसो, मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या.