प्रवाळ रुळवताना ‘ठिबक’ आलं कुठून?

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात ‘ठिबक’ म्हटलं की नळ्या, ड्रिपर आणि अनुदानाची फाइल आठवते. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी मोजकी मंडळी हाच शब्द वेगळ्या कामाला लावतात. पार्सलने आलेला प्रवाळ बादलीत ठेवायचा, टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यात सोडायचं आणि दोन तासांनी त्याला टाकीत सोडायचं, म्हणजे तो नव्या पाण्याला रुळतो. नळी आणि कॉकही बहुधा ठिबकच्याच दुकानातले.

हा छंद फार जुना नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तात एका हौशी माणसाने जिवंत खडक (समुद्रातले सूक्ष्मजीव वसलेले दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले. पुढे जर्मनीत त्याला प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि मेटल हॅलाइड या प्रखर दिव्याची जोड मिळाली.

ठिबक मात्र प्रवाळासाठी जन्मलेलं नाही. ते मासे-कोळंबीवाल्यांकडून आलं आणि तसंच चिकटून राहिलं. माशाच्या बाबतीतही त्यात एक खोच आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो (पाणी आम्लतेकडे झुकतं) आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे लांबच्या प्रवासातून आलेला मासा उघड्या बादलीत तासन्‌तास ठेवणं हाच धोका. प्रवाळ अमोनिया फार सोडत नाही, पण त्याला बादलीत दोन तास बसवून मिळतं तरी काय? खारटपणा जुळतो, बाकी फारसं काही नाही. विक्रेत्याचं पाणी आणि आपलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, मोजावं. फरक एखाद-दोन पॉइंटचा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 आणि 1.026 असं असेल, तर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवणं पुरतं. फरक मोठा असेल तरच नळी काढावी.

मे महिन्यात तर ठिबक उलटंच पडतं. टाकी 26 अंशांवर आणि खोली 38 वर असताना बादलीतलं थोडकं पाणी बघता बघता तापतं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी प्रवाळ पांढरा पडू लागतो. इथे तर बादली तासाभरात त्याच्या कितीतरी पुढे जाते. शिवाय कोरड्या हवेत टाकीचं पाणी रोज उडतं आणि खारटपणा वाढतो. म्हणून पार्सल यायच्या आधी आरओचं पाणी घालून पातळी सारखी करणं, हे ठिबकपेक्षा कामाचं.

खरा फरक पडला तो उजेडाने. मेटल हॅलाइडच्या काळात दिव्याची धग हाताला लागायची, म्हणून माणूस बिचकून असायचा. साधारण 2010 नंतर एलईडी आले. हाताला थंड, पण प्रवाळाला जाळायला पुरेसे. आपल्याकडे हे कुणाला समजावायला नको. सावलीत वाढवलेलं संत्र्याचं कलम थेट उन्हात लावलं की पानं करपतात. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचंही तसंच आहे. आधी प्रवाळ तळाशी वाळूवर ठेवावा, मग आठवड्या-आठवड्याने वर सरकवावा. नाहीतर दिव्याखाली खिडकीच्या मच्छरजाळीचे तीन-चार थर लावून दर चार-पाच दिवसांनी एकेक काढावा.

टाकीत टाकण्याआधी औषधी पाण्यात बुचकळणं ही नंतरची भर. त्याने चपटे किडे झडतात, पण त्यांची अंडी वाचतात. म्हणून ज्या चकतीवर तुकडा चिकटवून आला तीही काढून टाकलेली बरी.

खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जिथलं भूजलच खारं आहे अशा विदर्भातल्या भागातले, लोक हमखास विचारतात, आमच्या विहिरीचं पाणी खारंच आहे, चालेल ना? नाही चालत. तिथले क्षार वेगळे आणि त्यांचं प्रमाणही वेगळं. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार आणावे लागतात.

राहिला कायदा. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातला तुकडा उचलणं हा गुन्हा. 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या (साइट्स) प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली, तशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचं कलमही आलं. त्यामुळे तुकडा कुठून आला याचा कागद विक्रेत्याकडे मागावा, आणि तो पैसे देण्याआधी मागावा.