सर्व्हर बंद पडला तर तुमच्या बिलांचे काय होते

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या हिशेबाच्या तीन प्रती असतात: एक पणजीच्या सर्व्हरवर, एक मडगावच्या आणि तिसरी तुमच्याच दुकानातल्या यंत्रात. तिघांतला एक मुख्य. बिल आधी त्याच्याकडे जाते. आणखी एकाने ते डिस्कवर लिहिल्याची पोच दिली की मगच काउंटरवर ‘सेव्ह झाले’ दिसते.

दोन सर्व्हर पुरत नाहीत का? नाही. पावसाळ्यात फायबर तुटली की दोन्ही चालू असतात, पण प्रत्येकाला वाटते दुसरा बंद पडला. दोघेही बिले घेऊ लागले तर १०४२ नंबरचे बिल दोन गिऱ्हाइकांच्या नावावर फाटते, आणि असा घोळ हातानेच निस्तरावा लागतो. तिघांत मात्र दोघांशिवाय नोंद पक्की होत नाही, त्यामुळे एकटा पडलेला थांबतो. चार घेऊनही फायदा नाही: बहुमताला तीन लागतात, म्हणजे बंद पडलेला खपतो तो एकच. दोन बंद पडले तरी काम चालायला हवे तर पाच घ्यावे लागतील.

दुकानातले यंत्र एकटे पडले तर तेही नोंद घेणार नाही. म्हणून राउटरला मोबाइल सिमची दुसरी लाइन जोडूनच ठेवा, निदान चवथीच्या गर्दीआधी तरी.

मुख्य सर्व्हर गप्प झाला की उरलेले दोघे नवा मुख्य निवडायला मतदान करतात. ज्याच्या नोंदी मागे पडल्या आहेत त्याला मत मिळत नाही, म्हणून पोच मिळालेले बिल हरवत नाही. तेवढा वेळ स्क्रीनवर चक्र फिरते. तेव्हा बिल नव्याने बनवू नका. पहिले कदाचित लिहूनही झालेले असते, फक्त पोच परत आलेली नसते. त्याच स्क्रीनवरून पुन्हा ‘सेव्ह’ दाबा: तोच क्रमांक जातो आणि दुसरी नोंद होत नाही.

लाइट आल्यावर यंत्र सुरू करा आणि हात लावू नका. राहिलेल्या नोंदी ते स्वतः मागून घेते. डिस्क बिघडली तर मात्र आधी आम्हाला फोन करा. रिकामी डिस्क घालून यंत्र जुन्याच नावाने सुरू केले, तर आपण कोणत्या बिलांची पोच दिली होती हे ते विसरलेले असते आणि तरीही मत देते. पक्की बिले नाहीशी होतात ती अशी. आम्ही जुने नाव काढून यंत्र नवा सदस्य म्हणून जोडतो. यूपीएसही हवाच, कारण काही डिस्क ‘लिहिले’ म्हणतात तेव्हा मजकूर अजून त्यांच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एखाद्या पार्टीचे खाते डिलीट केले तर ते तिन्हीकडून जाते. त्यासाठी रोज रात्रीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि महिन्यातून एकदा तो आमच्यासमोर उघडून बघा.