माजी सैनिकांसाठी म्हाडाचे घर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी ५ टक्के घरे राखीव असतात. संरक्षण दलातले किंवा सीमा सुरक्षा दलातले जे जवान लढाईत धारातीर्थी पडले, जखमी होऊन अपंग झाले किंवा बेपत्ता झाले, त्यांच्या कुटुंबांसाठी आणखी २ टक्के घरे वेगळी ठेवलेली असतात. ही गोष्ट ऐकून सगळ्यांना माहीत असते. अर्ज मात्र फार कमी घरांतून जातात, आणि गेले तरी पुष्कळसे कागदावर अडतात.

माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या ओळखीतल्या माणसांचे अर्ज भरायला गेली काही वर्षे मी बसते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा मागे राहतो. म्हणून ही माहिती जाहिरात नसतानाच वाचा आणि कागद आत्ताच तयार करा.

माजी सैनिक कोणाला म्हणायचे?

गणवेश घातला म्हणजे कागदावर माजी सैनिक झाला, असे नाही. निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडलेला जवान यात येतो. सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा दुखापतीने वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलेला येतो. ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेलाही येतो. पण पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडली असेल किंवा गैरवर्तनामुळे काढले असेल, तर हा दर्जा मिळत नाही. प्रशिक्षण पुरे होण्याआधीच परत आलेल्यांनाही नाही, मात्र वैद्यकीय कारणावरून परत पाठवून अपंगत्व पेन्शन दिलेले यात येतात.

अग्निवीरांच्या घरच्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्याने या प्रवर्गातून अर्ज भरू नये, सर्वसाधारण गटातून भरावा. पोराने चार वर्षे सीमेवर काढली आणि फॉर्ममध्ये रकाना नाही, हे आईबापांना सांगताना मला अजून जड जाते. पण चुकीच्या प्रवर्गातला अर्ज तपासणीत टिकत नाही आणि लागलेले घरसुद्धा हातचे जाते.

२ टक्क्यांच्या प्रवर्गातही असाच घोळ होतो. नोकरीत असताना आजाराने किंवा रजेवर अपघातात गेलेल्या जवानाच्या पत्नीला तो प्रवर्ग लागू होत नाही, कारण तो लढाईतल्या हानीसाठी आहे. तिने माजी सैनिकांच्या अवलंबितांचा ५ टक्क्यांचा प्रवर्ग पाहावा. वीरपत्नीकडे मात्र रेकॉर्ड ऑफिसचे (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) बॅटल कॅज्युअल्टीचे, म्हणजे लढाईत हानी झाल्याचे, प्रमाणपत्र असायला हवे. ते नसेल तर आधी त्याच्या मागे लागा.

म्हाडाच्या बाकीच्या अटी

प्रवर्ग कोणताही असो, या अटी सगळ्यांना सारख्याच. अर्जदार १८ वर्षांवरचा हवा. महाराष्ट्रात मागच्या २० वर्षांत १५ वर्षांचे वास्तव्य दाखवणारे अधिवास प्रमाणपत्र हवे. ज्या शहरात घर घ्यायचे, त्या शहराच्या पालिका हद्दीत अर्जदाराच्या, त्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या, किंवा अल्पवयीन मुलांच्या नावावर पक्के घर नसावे. गावाकडचे वडिलोपार्जित घर दुसऱ्या हद्दीत असेल तर ते या अटीच्या आड येत नाही. कितीतरी जण या गैरसमजापायी अर्जच करत नाहीत.

मग उत्पन्न. पती आणि पत्नी दोघांचे मिळून मागच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न धरतात. मुंबई महानगर, पुणे महानगर आणि नागपूर या भागांत वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प गट, ९ ते १२ लाख मध्यम गट आणि त्यावर उच्च गट. राज्याच्या इतर भागांत अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख आहे. खालच्या गटातल्याला वरच्या गटाच्या घरासाठी अर्ज करता येतो, वरच्याला खाली येता येत नाही.

इथे फौजी घरांचे हमखास चुकते. पेन्शन म्हणजे काही पगार नव्हे, असे समजून ती उत्पन्नात धरतच नाहीत. समजा, महिना ३० हजार पेन्शन आहे आणि निवृत्तीनंतर सुरक्षा रक्षकाची नोकरी करून २२ हजार मिळतात. दोन्ही मिळून वर्षाचे ६ लाख २४ हजार झाले. पुण्यात हा माणूस अल्प गटात बसतो. त्याने नुसता पगार दाखवून अत्यल्प गटात अर्ज केला, तर पॅन क्रमांकावरून सगळे उघड होते.

कागदपत्रे

यादी छोटी आहे: आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि सैनिक असल्याचा पुरावा. अर्जदार विवाहित असेल तर जोडीदाराचे आधार आणि पॅनसुद्धा. उत्पन्नासाठी प्राप्तिकर विवरणपत्राची पोच किंवा तहसीलदारांचा दाखला, दोन्हींपैकी एक चालते. अधिवास प्रमाणपत्र १ जानेवारी २०१८ नंतरचे, बारकोड असलेलेच लागते. जुने, हाताने भरलेले प्रमाणपत्र कपाटात असेल तर ते आता कामाचे नाही. नवे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून काढा. ज्यांची सगळी नोकरी राजस्थान, आसाम, पंजाबात गेली, त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, कुटुंबाचे रेशनकार्ड, घराचे वीजबिल असे जुने पुरावे जपून सोबत न्यावेत.

सैनिक असल्याचा पुरावा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतो. तिथे आधी नाव नोंदवलेले आणि माजी सैनिकाचे किंवा विधवेचे ओळखपत्र काढलेले असले पाहिजे. जाताना डिस्चार्ज बुक (सेवेतून सुटताना मिळालेले नोंदपुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, फोटो आणि बँकेचे पासबुक न्या. अर्जासाठी प्रमाणपत्र हवे आहे, असे स्पष्ट सांगा. नुसते ओळखपत्र घेऊन परत येऊ नका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट: नाव. आमच्या शेजारच्या काकूंचे कागद मी जमिनीवर ओळीने मांडले होते. डिस्चार्ज बुकाच्या आतल्या पानावर निळ्या शाईत ‘सुमनबाई’, पीपीओवर नुसते ‘सुमन’, आधारवर ‘सुमन’ पण आडनावात एक अक्षर जास्त, आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी तीन. काका ट्रंकेत सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेले होते, एक कागद हरवलेला नव्हता. तरीही त्या वर्षीची सोडत हुकली, कारण नावे जुळवण्यातच महिने गेले.

दुरुस्तीचा रस्ता असा. जवान हयात असेल आणि पत्नीचे नाव किंवा जन्मतारीख लष्कराच्या नोंदीत चुकीची असेल, तर प्रतिज्ञापत्र आणि आधार, पॅनच्या प्रती जोडून आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करायचा. नोंद बदलली की पीपीओची दुरुस्ती होते आणि ती संरक्षण दलांच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत दिसते. अर्ज कसा लिहायचा हे सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. चूक आधारमध्ये असेल तर काम सोपे, आधार केंद्रात होते. कोणता कागद बरोबर मानायचा हे आधी ठरवा. लष्कराची नोंद बरोबर असेल तर बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्या, उलटे करायला गेलात तर फार वेळ जातो.

अर्ज आणि सोडत

२०२३ पासून म्हाडाची सगळी प्रक्रिया ऑनलाइन आहे. सोडतीच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर नोंदणी करायची, कागद चढवायचे, त्यांची तपासणी सोडतीच्या आधीच होते. नोंदणीसाठी जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. ती आज करून ठेवता येते आणि एकदा केली की पुढच्या सोडतींनाही चालते. मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे निरोप त्याच क्रमांकावर येतात.

जाहिरात आली की तिच्यातला तक्ता शांतपणे वाचा. प्रत्येक योजनेला संकेत क्रमांक असतो आणि त्यासमोर प्रवर्गनिहाय घरांची संख्या दिलेली असते. ५ टक्के हा एकूण नियम झाला. छोट्या योजनेत माजी सैनिकांच्या रकान्यात शून्य असू शकते, आणि तिथे त्या प्रवर्गातून अर्ज करण्यात अर्थ नाही. जिथे दोन-चार घरे दिसतात ती योजना निवडा. गेल्या वेळी आमच्या ओळखीतल्या एकाने केवळ हा तक्ता वाचून योजना बदलली.

अर्जाचे शुल्क जीएसटी धरून ५९० रुपये, ते परत मिळत नाही. अनामत रक्कम गटाप्रमाणे कमीजास्त असते आणि घर लागले नाही तर अर्जदाराच्या बँक खात्यात परत येते. म्हणून खाते अर्जदाराच्याच नावाचे द्या. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही. ‘मिलिटरी कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

नाव लागले की आधी सूचनापत्र येते, त्याला मुदतीत होकार कळवायचा. मग तात्पुरते देकार पत्र (घर देऊ केल्याचे पत्र) येते आणि पैसे भरण्याची मुदत सुरू होते: आधी किमतीच्या २५ टक्के, नंतर उरलेले ७५ टक्के. पहिला हप्ता बहुधा स्वतःच्याच पैशातून भरावा लागतो, तेवढ्या दिवसांत कर्ज मंजूर होईलच असे नाही. पेन्शन कम्यूट केल्याचे (तिचा काही भाग एकरकमी घेतल्याचे) आणि ग्रॅच्युइटीचे पैसे गाडीत किंवा लग्नात संपवण्याआधी हे ध्यानात घ्या.

म्हाडाशिवाय

सिडकोच्या सोडतीतही माजी सैनिकांचा प्रवर्ग असतो. लष्करातल्यांसाठी १९७८ पासून आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ना नफा ना तोटा तत्त्वावर घरे बांधते. सेवेतले, निवृत्त आणि विधवा असे सगळे तिथे नोंदणी करू शकतात. नौदल आणि हवाई दलासाठी त्यांचे वेगळे गृहनिर्माण मंडळ आहे. अजून सेवेत असलेल्यांनी ग्रुप इन्शुरन्सच्या गृहकर्जाची चौकशी युनिटमध्येच करावी, ती सोय निवृत्तीनंतर राहत नाही.

वीरपत्नी, युद्धात अपंग झालेले आणि सेवेशी निगडित कारणाने शांतताकाळात हानी झालेल्यांची कुटुंबे यांना घरासाठी घेतलेल्या कर्जावरच्या व्याजाचा निम्मा भाग केंद्रीय सैनिक बोर्डाकडून परत मिळतो, जास्तीत जास्त १ लाख रुपये. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो, सोबत बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र लागते. घर फक्त स्त्रीच्या नावाने खरेदी केले तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. पतीचे नाव जोडले की ती जाते.

घराचा ताबा मिळाला की एक काम उरते. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांच्या एका घराला मालमत्ता करातून सूट दिली आहे. ती आपोआप लागत नाही. सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो. काकूंना दोन वर्षांनी घर लागले, तेव्हा चावी हातात पडल्यावर त्यांनी पहिला अर्ज हाच दिला, आणि त्यावर नाव लिहिले ‘सुमन’.