मराठवाड्यातील शासकीय आरोग्यसेवा : कर्मचारी लाभ व समान संधी

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या 8 जिल्ह्यांतील शासकीय आरोग्यसंस्थांत काम करणाऱ्यांना मिळणारे वेतनेतर लाभ आणि त्या नोकरीत शिरताना लागू होणारे समान संधीचे नियम यांचा विचार एकत्रच करावा लागतो; कारण कोणाला काय मिळणार हे पदनामापेक्षा नेमणुकीच्या आदेशावर ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर संभाजीनगरची ‘घाटी’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय) किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. तथापि कायम कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती बहुतांशी सारख्याच आहेत.

कायम कर्मचाऱ्याला 1981 च्या रजा नियमांनुसार वर्षाला 30 दिवस अर्जित आणि 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळते. स्त्री कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची प्रसूती रजा आहे; 2018 पासून संपूर्ण सेवेत मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजाही लागू झाली. बढतीची जागा रिकामी नसली तरी 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना, वैद्यकीय प्रतिपूर्ती, वैद्यकीय अधिकाऱ्यांचा व्यवसायरोध भत्ता (खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा) आणि सेवेत मृत्यू झाल्यास वारसाला अनुकंपा नेमणूक हे इतर मुख्य लाभ होत. सफाई कामगारांच्या वारसांसाठी लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वेगळी वाट आहे. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख निर्णायक ठरली. त्या दिवसापासून रुजू झालेल्यांना जुनी योजना बंद झाली आणि अंशदानाची, म्हणजे कर्मचारी व शासन दोघांनी वाटा भरण्याची, पद्धत आली. तिच्यात पुढे कर्मचाऱ्याचे 10 टक्के व शासनाचे 14 टक्के असे प्रमाण ठरले. जुन्या योजनेसाठी 14 ते 20 मार्च 2023 दरम्यान राज्यभर झालेल्या संपात आरोग्य कर्मचारीही होते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झाल्यावर कंत्राटी मनुष्यबळ वाढत गेले. एकाच उपकेंद्रात कायम आरोग्य सेविका आणि अभियानातील कंत्राटी सेविका लसीकरणाच्या एकाच सत्रात बसतात. पहिलीचे सेवापुस्तक वर्षागणिक भरत जाते, तर दुसरीला वर्षाच्या आत संपणारा आदेश, मग तांत्रिक खंड (सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून मध्ये ठेवलेली तूट) आणि पुन्हा नवा आदेश मिळतो. तिसरी व्यक्ती आशा स्वयंसेविका. गावातील गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत आणणारी तीच असली तरी ती कागदोपत्री कर्मचारी नाही, म्हणून तिला पगार नसून कामावर आधारित मोबदला मिळतो. 10 वर्षे पूर्ण केलेल्या अभियान कर्मचाऱ्यांचे 30 टक्के कायम पदांवर समायोजन करण्याचा, म्हणजे त्यांना तेथे सामावून घेण्याचा, निर्णय 2024 मध्ये झाला. बाह्यस्रोताने, म्हणजे ठेकेदारामार्फत, आलेले कक्षसेवक व सफाई कामगार या सर्वांच्या शेवटी उभे आहेत.

भरतीत 2001 चा राज्य आरक्षण कायदा व बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे क्रमाने ठरवणारी यादी) लागू असते. महिलांसाठी 30 टक्के आणि दिव्यांगांसाठी 4 टक्के जागा समांतर आरक्षणात, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजल्या जाणाऱ्या आरक्षणात, येतात. खुल्या प्रवर्गातील महिलांना नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची अट होती. ती 2023 मध्ये गेली. आरोग्य सेविकेचे पद स्त्रियांसाठीच असल्याने तेथे महिला आरक्षणाला अर्थ उरत नाही. आरोग्य सेवक (पुरुष) या पदाच्या निम्म्या जागा मात्र हंगामी फवारणीचे काम केलेल्यांना राखीव असतात, आणि हिवताप कार्यक्रमात 90 दिवस काम केल्याचा दाखला मिळवणे हा गावोगावच्या तरुणांचा उद्योग होऊन बसतो. भूकंपग्रस्तांसाठीचे 2 टक्के आरक्षण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाशी जोडलेले असून लातूर-धाराशिव भागात त्याचे महत्त्व विशेष आहे. जात वैधता प्रमाणपत्र ही येथील मोठी अडचण होय: पुरावे पुष्कळदा निजामकालीन असतात, उर्दू किंवा मोडीत लिहिलेले असतात, आणि निवड होऊनही उमेदवार वैधतेअभावी अडकतो. 2021 च्या गट क व ड भरतीचे पेपर फुटून परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा आरक्षित व खुले सारेच उमेदवार पुन्हा रांगेत आले.

नोकरीत आल्यावरचे संरक्षण मुख्यतः दोन कायद्यांत आहे. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी स्त्री अध्यक्ष असलेली अंतर्गत समिती बंधनकारक असून कंत्राटी स्त्रियांनाही तिच्याकडे जाता येते. रुग्णसेवकांवरील हल्ल्यांसाठी राज्याचा 2010 चा कायदा आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने समान संधीला प्रादेशिक अंगही आहे. मराठी भाषक प्रदेशांच्या नेत्यांनी एकत्र राज्यासाठी केलेल्या 1953 च्या नागपूर करारात नोकरभरती लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी असे कलम होते आणि संविधानाच्या अनुच्छेद 371(2) मध्ये राज्यसेवेतील पुरेशा संधींचा उल्लेख आहे. त्याखालील विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. गट अ व ब अधिकाऱ्यांसाठी महसुली विभाग वाटपाचे, म्हणजे कोणाला राज्याच्या कोणत्या विभागात नेमायचे याचे, नियम आहेत. पण नेमणूक मिळालेला डॉक्टर तेथे टिकेलच असे नाही. किनवट-माहूरसारख्या आदिवासी भागासाठी 2002 पासून एकस्तर वरची वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता दिला जातो, मात्र तो त्या क्षेत्रातील नेमणुकीपुरताच असतो आणि बदली होताच कर्मचारी मूळ वेतनश्रेणीत परततो.